पाखरांच्या मागचं गाव

आमच्या साडभाऊंइतका फोटोंचा अपमान करणारा माणूस गोंदिया जिल्ह्यात तर नाहीच, पण हद्द ओलांडून बालाघाटात किंवा राजनांदगावात शोधला तरी सापडायचा नाही. फोटो काढणाऱ्यानं जीव तोडून जे समोर आणलेलं असतं, त्याच्याकडे हा माणूस ढुंकूनही बघत नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. हे नातं माणसाला बायको लावून देते, त्यामुळे तक्रार करायला जागा नसते. माझ्या मुलीच्या लग्नाचा अल्बम घरी आला तेव्हा मोठ्या हौसेनं मी तो त्यांना दाखवायला घेऊन गेलो. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, नवरीच्या तोंडावर अंगठा ठेवला, तिच्या शालूवर दुसरा पंजा पसरला आणि उरलेल्या बोटभर जागेत डोकावून म्हणाले, "मास्तर, ही मागची भिंत जुन्या तेलघाणीची ना? मी तर समजून राहिलो होतो का आधीच पाडली. म्हंजे तुमच्या पोरीच्या लग्नापर्यंत उभी होती तर." मग पानं उलटत शेवटपर्यंत गेले आणि अल्बम मिटवून निकाल दिला, "फोटो साजरे आहेत. फकत नवरीनं घाणीचा दरवाजा झाकला." ही गोष्ट मी घरी येऊन सांगायला नको होती. पुढे कितीतरी दिवस माझ्या बायकोनं त्यांच्या चहात साखर घातली नाही, आणि त्यांना ते कळलंही नाही.

ही खोड त्यांना धंद्यानं लावली, असं माझं मत आहे. गोंदिया राइस मिलांचं शहर, आणि साडभाऊ बारदान्याचे व्यापारी, म्हणजे धान-तांदूळ भरायची जुनी-नवी पोती विकणारे. पोतं कधी समोरून बघायचं नसतं, हे त्यांच्या धंद्याचं पहिलं सूत्र. समोर छाप असतो, नाव असतं, सगळी ऐट असते. खरा माल ओळखायचा तर पोतं उलटं करायचं, शिवण बघायची, तळ बघायचा. जन्मभर पोती उलटी केलेला माणूस फोटोही उलटेच करणार. पुढे प्लॅस्टिकची पोती आली, तागाला कोणी विचारेना, आणि साडभाऊ दुकानात पोत्यांच्या थप्पीवर मांडी घालून मोबाईल बघत बसू लागले. दुसरा एखादा असता तर पत्त्यांचा डाव मांडून बसला असता, नाहीतर राजकारणावर बोलून आजूबाजूच्या दुकानदारांना छळत बसला असता. यांनी इतिहास संशोधन सुरू केलं. त्यापेक्षा राजकारण बरं होतं, असं आम्हा सगळ्यांना नंतर वाटलं.

त्यांचं म्हणणं असं, की आपल्याकडच्या गावांचा इतिहास कोणी लिहिलेलाच नाही. "लेखी इतिहास सगळा मालगुजाराचा, जमीनदाराचा. आपण लोक दुसऱ्याच्या फोटोत मागं उभे आहोत, मास्तर. तिथून आपल्याले काढून आणा लागते." हे दुसऱ्याचे फोटो त्यांना सापडले वेबसाइटींवर. जगातले हौशी लोक आपापले फोटो तिथे टाकतात, खाली गावाचं नाव लिहितात, तारीखही आपोआप पडते. साडभाऊ त्यात आपल्या जिल्ह्यातल्या गावांची नावं टाकून तासन् तास खणत बसायचे. कचारगडच्या जत्रेत कोणीतरी गुहेच्या तोंडाशी हात पसरून स्वतःचाच फोटो काढलेला असे. त्या बिचाऱ्याचं हसू बघायचं सोडून साडभाऊ त्याच्या काखेतून दिसणारी दुकानं मोजत. अमक्या वर्षी इथे पायवाट होती, तमक्या वर्षी सिमेंट आलं, आणि ही लाल साडीवाली बाई दोन्ही वर्षी त्याच दगडाशी नारळ विकत बसली आहे. या शोधाचा आनंद त्यांना इतका झाला की त्या बाईसाठी त्यांनी दुकानात पेढे वाटले. पेढे कशाबद्दल, हे हमालांना शेवटपर्यंत समजलं नाही.

रेल्वेच्या नादी लागलेले लोक वेगळेच. ते दूरदूरहून येतात आणि दरेकशासारख्या जंगलातल्या लहानशा स्टेशनावर उभं राहून घाट चढून येणाऱ्या इंजिनांचे फोटो काढतात. साडभाऊ इंजिनावर अंगठा ठेवत. "बघा, इंजिनाचा नंबर लिहिते, रंग लिहिते, किती ताकदीचं ते लिहिते. अन् बाजूले माणूस उभा आहे झेंडी घेऊन, त्याचं नाव लिहाले याची शाई संपते." एकदा अशाच एका फोटोत त्यांना स्टेशनाबाहेर एक विहीर दिसली. ती विहीर आता आहे का नाही, एवढं बघायला ते मला रविवारी सकाळच्या गाडीनं दरेकशाला घेऊन गेले. फोटो जिथून काढला तिथेच उभं राहून बघायचं, अशी त्यांची पद्धत. त्या फोटोवाल्याची उंची माझ्याएवढी असावी असा त्यांनी अंदाज बांधला आणि मला करवंदीच्या जाळीत उभं केलं. "थोडं मागं. आणखी. डोंगराचं टोक खांबाच्या उजवीकडे आलं का?" मी मागे सरकत सरकत नालीत गेलो. विहीर नव्हती, पण माझी चप्पल जिथे रुतली तिथेच विहिरीची जगत, म्हणजे कठडा, होती, हे सिद्ध झालं. परतीच्या गाडीला वेळ होता. साडभाऊ त्या नालीच्या काठावर बसून असे काही डोळे मिटून होते की एखाद्याला वाटावं, यांचं कोणी तिथे बुडालं असेल.

त्यांचा दुसरा छंद म्हणजे अनोळखी माणसांच्या फोटोंखाली जाऊन चुका काढणं. कोणी केशोरीच्या तलावाला नवेगाव म्हटलं की त्यांचा तोल जायचा. मराठी ते घरात बोलत आणि हिशेब मनात करत, पण लिहायचं म्हटलं की गोंदियाच्या व्यापाऱ्याच्या सवयीनं हिंदीच. "महोदय, आपका फोटो अति सुंदर है, किन्तु यह तालाब वह नहीं है," अशी सुरुवात. मग डोंगर, पळस, पाळीचा म्हणजे तलावाच्या बांधाचा बाक, सगळे पुरावे. पलीकडच्याला वाटे, हे कोण सद्गृहस्थ, आणि माझ्या सूर्यास्ताशी यांचं काय वैर? एकानं तर त्यांना सरळ ब्लॉक केलं. त्यावर साडभाऊ एवढंच म्हणाले, "तलाव तर नाही ना ब्लॉक करता येत त्याले."

पण या उपद्व्यापी माणसाचं एक व्रत होतं, आणि पुढचं सगळं रामायण त्या व्रतानं घडवलं. विचारल्याशिवाय ते कोणाचाही फोटो उतरवून घेत नसत. बारदान्याच्या धंद्यात दुसऱ्याच्या थप्पीवरचं फाटकं पोतंही न विचारता उचललं तर ती चोरी, आणि तशा माणसाला बाजारात कोणी उभं करत नाही. फोटोंना त्यांनी हाच कायदा लावला. मी किती वेळा सांगितलं, "भाऊ, बोट दाबून धरा, फोटो मोबाईलमध्ये येतो, सगळं जग असंच करतं." ते माझ्याकडे अशा नजरेनं बघत, जणू मी मिलमधून तांदूळ पळवायला सांगितलं. परवानगी मागायची आणि उत्तराची वाट बघायची. बरेच लोक उत्तर देत नसत. काहींनी कधीचं खातं सोडून दिलेलं असे. एखादा फोटो वाट बघता बघता साइटवरूनच निघून जाई. मग साडभाऊ दोन दिवस जेवणात मीठ कमी म्हणत.

त्यांचे खरे शत्रू मात्र पक्षीवाले. आमच्या जिल्ह्यात सारस पक्षी आहेत, आणि त्यांचे फोटो काढायला कुठून कुठून लोक येतात. तलाव, बोड्या म्हणजे लहान तळी, धानाच्या बांध्या, जिथे म्हणून साडभाऊंना इतिहास हवा असे तिथे बरोबर मधोमध एक सारस उभा असे. तेही चाललं असतं. पण या लोकांच्या हाताएवढ्या लांब भिंगांतून पाखराचं पीस न् पीस दिसतं आणि मागचं सगळं धुक्यात जातं. याला फोटोच्या जगात कला म्हणतात, असं मी त्यांना समजावलं. "कला कायची?" ते म्हणाले. "एवढा महागाचा कॅमेरा घेतेत, अन् त्यानं माह्या गावाले पुसतेत." मी हसलो. ते हसले नाहीत. तेव्हा मला समजायला हवं होतं की हा माणूस इतकी वर्षं काहीतरी नेमकं शोधत आहे.

ते पुढे मला त्यांच्या बायकोनं सांगितलं. साडभाऊंचं गाव केशोरीच्या अलीकडे, आडवळणाला. गावाला जुना मालगुजारी तलाव, आणि साडभाऊंचे वडील त्या तलावाचे पाणकर. कोणाच्या बांधीत कधी आणि किती पाणी जायचं, हे पाणकर ठरवतो आणि सगळ्यांच्या शिव्या खातो. पण पाणी सोडायच्या दिवशी तलावाच्या पाळीवर पहिला नारळ त्याच्याच हातानं फुटतो, आणि त्या दिवसापुरता तो गावाचा राजा असतो. बऱ्याच वर्षांपूर्वी, ज्या दिवशी गणपती बसले त्याच दिवशी, एवढा पाऊस आला की सांडव्याजवळ पाळ फुटली. खालच्या बांध्यांत कंबरभर रेती गेली, धान गेलं, दोन घरांची जनावरं गेली. पाणकरानं सांडवा मोकळा ठेवला नाही, असं गाव म्हणालं. पाणकर काहीच म्हणाला नाही. नारळ दुसऱ्याच्या हाती गेला. म्हातारा दरवर्षी पाणी सोडायच्या दिवशी काठी टेकत पाळीवर जायचा आणि लांब मोहाच्या झाडाखाली एकटा उभा राहायचा. त्याला कोणी ये म्हणत नसे, जा म्हणत नसे. साडभाऊंची खात्री होती की पाळ आधीच खचलेली असणार, बापाची चूक नसणार. त्या पावसाळ्यातला तलावाचा एक फोटो कुठेतरी असेल, तो सापडला की बाप जिवंत असेपर्यंत त्याच्या हाती एकदा तरी नारळ परत येईल, एवढ्यासाठी हा माणूस पाखरांच्या मागे डोकावत होता. विहिरी आणि भिंती ही नुसती वाट चालताना लागलेली सवय.

आणि बापाला विचारायचं? मी हा प्रश्न साडभाऊंना केला तेव्हा ते पोत्याच्या सुतळीचं टोक सोलत बसले. "त्या घरात ती गोष्ट निघत नाही, मास्तर," म्हणाले. पाळ फुटल्यापासून त्या घरात कोणी तलाव हा शब्दही म्हाताऱ्यासमोर उच्चारला नव्हता. बापाची मर्यादा राखण्याची ही आमच्याकडची पद्धत आहे. सगळ्या दुनियेला विचारायचं, कट्ट्यावर बसलेल्या बापाला सोडून.

फोटो सापडला तो ऐन दसऱ्याच्या सुमारास. साडभाऊंनी मला शाळा सुटायच्या आत बोलावून घेतलं. थप्पीवर बसले होते, पण मांडी घातलेली नव्हती, पाय खाली सोडलेले होते. बंगळुराकडच्या कोण्या पक्षीवाल्यानं आपला जुना साठा साइटवर टाकला होता. त्यात एक सारसाची जोडी, माना उंच केलेली, पिसं धुतल्यासारखी स्वच्छ. तारीख त्या वर्षीच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची. म्हणजे पाळ फुटली त्याच्या ऐन तोंडावरची. साडभाऊंनी दोन्ही पाखरांवर दोन अंगठे ठेवले. मागे धुकं होतं. त्या धुक्यात पाळीचा बाक ओळखू येत होता, सांडव्याची जागा ओळखू येत होती, आणि सांडव्यावर ओळीनं काहीतरी तपकिरी रचलेलं होतं. भोवती माणसांचे ठिपके. पांढरे, काही निळसर. तोंडं नाहीत, नुसते आकार.

"पाळ तर धड आहे," मी म्हणालो.

"पाळ सोडा. हे बघा." त्यांनी बोट त्या तपकिरी रांगेवरून फिरवलं. "लाल पट्टी दिसून राहिली का? मधून लाल पट्टीचं पोतं तेव्हा फकत मी विकत होतो. हा आपला माल आहे, मास्तर." त्या वर्षी गावच्या लोकांनी कोंडा भरायला म्हणून त्यांच्याकडून एक गठ्ठा पोती नेली होती. गावचेच लोक, म्हणून त्यांनी ती पैसे न घेता दिली होती. त्या पोत्यांत रेती भरून गावानं सांडवा बंद केला होता. पोती मुलानं दिली, रचली गावानं, आणि नाव बापाला लागलं. साडभाऊ एवढं बोलले आणि उठून नळावर जाऊन तोंड धुऊन आले.

दुसऱ्या दिवशी आम्ही गावी गेलो. म्हातारा धाकट्या मुलाकडे राहायचा. अंगणात खाटेवर बसलेला, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलेलं आणि दुसऱ्याचं करू देत नव्हता. साडभाऊंनी काही प्रस्तावना केली नाही. त्यांना ती करताच आली नसती. मोबाईल बापाच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाले, "बाबा, हे बघा जरा." मी मनात म्हटलं, धडधाकट डोळ्यांना जे दिसेना ते या म्हाताऱ्याला काय दिसणार. म्हाताऱ्यानं मोबाईल जवळ घेतला, लांब धरला, मान तिरपी केली.

"हे तर साजरं दिसून राहिलं गा," तो म्हणाला. "मले सगळी माणसं असीच दिसतेत." आणि धुक्यातल्या ठिपक्यांवर नख ठेवत सांगू लागला. हा कमरेवर हात ठेवून उभा तो पाटलाचा मोठा, काम करताना कधी वाकला नाही. हा एका पायावर भार देऊन उभा, त्याचा गुडघा तेव्हाच गेला होता. हे दोघे भाऊ, भांडण होतं तरी पोती एकमेकांच्या हातात देऊन राहिले. आणि हा टोपीवाला, ज्याच्या हाती आता नारळ आहे तो.

"अन् तुम्ही?"

"मी हा. पाण्यात. खालून पोती लावणारा." म्हाताऱ्यानं मोबाईल मांडीवर ठेवला. "पावसानं ओढ देल्ली होती. धान पोटरीवर आलेलं. गाव म्हणे हातभर पाणी जास्त अडवा. मी नाही म्हणलो. मंग लावली."

साडभाऊ खाटेजवळ सरकले. म्हणाले, "मंग तुम्ही बोलले काऊन नाही?"

"कोणाले बोलू? सगळेच तर होते तिथं." मग म्हातारा म्हणाला, "पाणी आलं तवा मी घरोघर गेलो, चला पोती काढू. पाणी लई होतं. कोणी निघालं नाही. भिजलेलं रेतीचं पोतं एकट्याच्यानं हालत नाही."

भिजलेलं पोतं किती जड असतं हे साडभाऊंना कोणी सांगायची गरज नव्हती. ते खाटेच्या पायथ्याशी बसले ते बसलेच. म्हाताऱ्यानं सुनेला पाहुण्यांसाठी चहा टाकायला सांगितलं आणि मला विचारलं, यंदा गोंदियाला धानाचा भाव काय चालू आहे.

परतताना एसटीत साडभाऊ पार बदलून गेले होते. दिवाळीनंतर गावची मंडई भरते, त्या जत्रेला लग्न होऊन गेलेल्या लेकी येतात, पाहुणे येतात, सगळं गाव एका जागी असतं. तिथे हा फोटो दरवाजाएवढा करून लावायचा. खाली नावं लिहायची. "भांडण नाही करायचं, मास्तर. कोणाले दोष नाही द्यायचा. फकत एवढं म्हणायचं का सगळे होते. मंग नारळाचं बघू." निघताना म्हाताऱ्याला हा बेत सांगितला तेव्हा तो म्हणाला होता, लावा नाहीतर नका लावू, पण मंडईत मले बसाले खुर्ची पाहिजे, पाय दुखतेत. मी साडभाऊंना म्हटलं, "आधी तो फोटो उतरवून घ्या. आत्ता, याच सीटवर." ते म्हणाले, "ज्या फोटोनं बाबाचं नाव धुवायचं, तो चोरून आणू?" मी कपाळाला हात लावला. एसटीच्या धक्क्यांत त्यांना ते दिसलं नसावं.

त्या रात्री त्यांनी फोटोखाली लिहिलं. मला दुसऱ्या दिवशी वाचून दाखवलं. महोदय, आपण काढलेल्या या सुंदर चित्रात मागच्या बाजूला माझ्या गावचे लोक उभे आहेत. त्यांना याची काही कल्पना नाही. माझे वडीलही त्यात आहेत. या संबंधात आपली अनुमती मिळाल्यास मोठे उपकार होतील. मजकुरात कुठेही खोट नव्हती. बारदान्याच्या बाजारात कोणीही वाचला असता तर अर्थ बरोबर लागला असता.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी उत्तर आलं. साडभाऊंनी मला दुकानातून फोन केला आणि फोनवरच वाचायला लागले. पक्षीवाल्यानंही हिंदीतच लिहिलं होतं, मोठ्या अदबीनं. गावच्या लोकांचा फोटो त्यांना न विचारता काढला गेला, याबद्दल त्यांनी मनापासून क्षमा मागितली होती. असं कोणाच्या नकळत कोणाचं चित्र जगासमोर मांडणं चूक आहे, हे त्यांना पटलं होतं. म्हणून त्यांनी मागची सगळी माणसं फोटोतून कापून टाकली होती. "अब केवल सारस हैं," साडभाऊंनी वाचलं, आणि फोन चालूच राहिला. मला नुसता बाजाराचा आवाज येत होता.

मी धावत गेलो. आता फोटोत खरोखरच नुसते सारस होते, गवत होतं, आणि आभाळ. खाली कोणीतरी लिहिलंही होतं की आता चित्र अधिक शांत वाटतं. मी साडभाऊंकडून मोबाईल घेतला आणि मूळ फोटोसाठी त्या भल्या गृहस्थाच्या पाया पडायचंच तेवढं बाकी ठेवलं. त्यांनी लगेच कळवलं, त्या काळातली त्यांची डिस्क केव्हाच बिघडून गेली आहे, साइटवर होता तेवढाच होता. पुन्हा एकदा क्षमा मागितली. हीच तर पंचाईत. दुष्टानं नुकसान केलं तर चार शिव्या घालून मन मोकळं होतं. सज्जनानं केलेलं नुकसान घेऊन माणसानं कुठे जावं? एकानं विचारून घ्यायचं ठरवलं, दुसऱ्यानं न विचारता काढलेलं परत केलं. दोघांचीही वागणूक चोख, आणि त्या चोखपणात एक अख्खं गाव पुसलं गेलं.

मंडई आली आणि गेली. म्हातारा खुर्ची नव्हती म्हणून गेलाच नाही. फोटो गेल्याचं त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बरं झालं. पाखराले तरी निवांत वाटन." साडभाऊंनी मोबाईल पोत्यांच्या थप्पीत कुठेतरी कोंबून ठेवला. वेबसाइट बंद, टिपण्या बंद, नवेगाव-केशोरीची गल्लत लोक आता बिनधास्त करू लागले. एक दिवस ते आमच्या घरी आले आणि माझ्या मुलीच्या लग्नाचा अल्बम मागितला. चष्मा खाली ओढला, आणि अंगठा कुठेही न ठेवता नवरीकडे बघत राहिले. "पोरगी साजरी दिसून राहिली," म्हणाले. माझी बायको आत गेली आणि त्यांच्या चहात तीन चमचे साखर घालून डोळे पुसत बाहेर आली. माणूस इतका खचलेला आम्ही कधी पाहिला नव्हता.

पुढच्या वर्षी पाणी सोडायच्या दिवशी मात्र ते स्वतःहून मला घेऊन गावी गेले. पाळीवर गाव जमलं होतं. टोपीवाल्यानं नारळ फोडला, पाणी सुटलं, पोरं ओरडली. म्हातारा नेहमीसारखा लांब मोहाच्या झाडाखाली काठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता. साडभाऊंनी थप्पीतून काढलेला मोबाईल उंच धरला. मला वाटलं, नारळाचाच फोटो घेत असतील, शेवटी थकले असतील. ते एकच फोटो काढून बाजूला झाले.

म्हातारा त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेला. तेरवीला टोपीवालाही आला होता, जेवला, पान खाऊन गेला. साडभाऊंनी त्याला आग्रह करून आणखी एक बुंदीचा लाडू वाढला. मी बघत होतो. त्या वेळी मला त्यांचा राग आला आणि आता येत नाही.

पावसाळा लागता लागता मी सहज त्या वेबसाइटवर त्यांच्या गावाचं नाव टाकलं. सारसांच्या गर्दीत एक फोटो नवा होता. समोर नारळ फोडणारा माणूस मोठा दिसतो, पण सगळा धुकट, टोपी कुठली आणि हात कुठला कळत नाही. फोटो घेताना साडभाऊंनी स्क्रीनवर बोट मागच्या बाजूला टेकवलं होतं. मोहाचं पान न् पान स्वच्छ आहे, काठीच्या गाठी दिसतात, म्हाताऱ्याच्या कुडत्याचं एक बटण तुटलेलं दिसतं. खाली गावाचं आणि तलावाचं नाव. मग या वेळी हिंदी सोडून मराठीत लिहिलं आहे, "मागे झाडाखाली उभे आहेत ते माझे वडील. या तलावाचे पाणकर." आणि त्याखाली, "हा फोटो कोणालाही लागला तर घ्यावा. विचारत बसू नये."

मी विचारलं नाही. बोट दाबून धरलं आणि घेतला.